स्पोर्टी गाडी घ्यायचीय, पण क्लच हवा की नको?

२०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली, तेव्हा ५३ लाखांच्या त्या गाडीत डाव्या पायाला काही कामच ठेवलं नव्हतं. क्लचचं पेडलच नाही. त्याच वर्षी आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची तीच गत. उलट टाटाने २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर काढली ती फक्त मॅन्युअलमध्ये, ऑटोमॅटिक मागाल तर नाही. ह्युंदाईने तर आणखी गंमत केली. त्यांची आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा तिच्या 'मॅन्युअल'लासुद्धा क्लच पेडल नव्हतं (गिअर हाताने बदलायचे, क्लच मात्र गाडीच सांभाळायची), आणि २०२३ मध्ये कंपनीने ते परत बसवलं.

इतकी वर्षं साधी हॅचबॅक वापरली, आता जरा दमदार गाडी घेऊ म्हणणारा माणूस इथेच चक्रावतो. मित्र म्हणतात, "स्पोर्टी गाडी आणि ऑटोमॅटिक? काय राव!" घरचे म्हणतात, "रोज हिंजवडीला जायचंय, गुडघे जातील." यात मित्र मजेबद्दल बोलतायत आणि घरचे सोयीबद्दल. गंमत म्हणजे दोघांच्याही मनात कुठेतरी वेगाचा मुद्दा असतो, आणि त्याचा निकाल तर केव्हाच लागलाय. तो आधी उरकून घेऊ म्हणजे खऱ्या निवडीकडे येता येईल. त्यासाठी थोडं बॉनेटच्या आत डोकवावं लागेल.

गिअर लागतातच कशाला

पेट्रोल इंजिन फिरायला लागलं की लगेच सगळी ताकद देत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच ते नीट ओढतं. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन (धुराच्या रेट्याने जास्तीची हवा आत कोंबणारं) बघा. त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी पिळाची ताकद, २५० न्यूटन मीटर आहे. पण तो पूर्ण मिळतो मिनिटाला १,६०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान. त्याच्या खाली इंजिन झोपेत असतं आणि बरंच वर गेलं की दमतं.

गाडी मात्र शून्यापासून दीडशेच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाला असू शकते. इंजिनला त्याच्या आवडीच्या पट्ट्यात ठेवून चाकांना हवा तो वेग देणं, हे गिअरबॉक्सचं काम. पहिल्या गिअरमध्ये वेग कमी, ओढ जास्त. सहाव्यात उलट. गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांचं नातं क्षणभर तोडावं लागतं, ते तोडणारा-जोडणारा भाग म्हणजे क्लच. तो तुम्ही पायाने दाबलात तर गाडी मॅन्युअल, गाडीने स्वतः सांभाळला तर ऑटोमॅटिक.

छोट्या टर्बो इंजिनांत याला एक जास्तीची अडचण जोडली जाते. तिसऱ्या गिअरमध्ये १,३०० फेऱ्यांवर असताना रेस दिली की आधी काहीच होत नाही, मग एकदम लोंढा येतो. हा मधला रिकामा वेळ म्हणजे टर्बो लॅग. चांगली ऑटोमॅटिक तो लपवते, कारण ती पटकन खालचा गिअर टाकून इंजिनला पट्ट्यात आणते. मॅन्युअलमध्ये ते तुम्हाला करावं लागतं, आणि विसरलात तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून आठवण करून देतो.

'ऑटोमॅटिक' हे एका गोष्टीचं नाव नाही

निम्मा गोंधळ इथे आहे. शोरूममध्ये ऑटोमॅटिक म्हणून चार अगदी वेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात, आणि एकीचा वाईट अनुभव दुसरीच्या माथी मारला जातो.

एएमटी सर्वांत स्वस्त. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि लिव्हर हलवायला मोटारी बसवलेल्या. भारतात ही २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आली आणि शहरात अनेकांचे पाय वाचले. पण गिअर बदलताना गाडी मान डोलावते. जोर लावून ओव्हरटेक करताना नेमकी तेव्हाच डोलावते. स्पोर्टी गाडीत हिचा विचारही करू नका.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्यांवरून पट्टा फिरतो आणि पुल्यांची रुंदी बदलून प्रमाण सलग बदलत राहतं. आरामाला उत्तम. रेस दाबली की मात्र इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून वेग पकडते, त्यामुळे पायाचं आणि गाडीचं संभाषण तुटल्यासारखं वाटतं.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी, खानदानी ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं एक भांडं असतं, इंजिनाकडचं पातं तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या रेट्याने पलीकडचं पातं फिरतं. घासणारं काही नसल्याने रांगत चालायला हिच्यासारखी दुसरी नाही. पूर्वी ती सुस्त होती, हे खरं. आता नाही. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने मागच्या पिढीच्या एम-टू, एम-थ्रीमध्ये ड्युअल क्लच दिला होता, नव्या पिढीत तो सोडून ते आठ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरकडे वळले. रेसिंगचं नाव लावणाऱ्यांनी हे केलं म्हणजे सुस्तीचा आरोप जुना झाला.

चौथी ड्युअल क्लच, म्हणजेच डीसीटी. फोक्सवॅगन-स्कोडावाले तिला डीएसजी म्हणतात. हिच्यात दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५-७ हे गिअर, दुसऱ्याकडे २-४-६. पंगतीत एक वाढपी भात वाढत असतो तेव्हाच वरणवाला पळी भरून त्याच्या मागे वाकलेला असतो ना, तसं. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, ओढ तुटतच नाही. अडचण कधी? पानावरच्या माणसाने वरणाऐवजी अचानक ताक मागितलं की. चौथ्याची तयारी झालेली असताना तुम्ही एकदम रेस दाबून दुसरा मागितलात, तर बिचारी क्षणभर गोंधळते.

रस्त्यावरच्या गाडीत ही पद्धत २००३ मध्ये गोल्फ आर-थर्टीटूमध्ये आली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाताला लागली ती २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमधून. त्या गाडीसोबत मॅन्युअलचा पर्यायच नव्हता, तरी गाडीवेड्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

वेगात कोण जिंकतं?

ऑटोमॅटिक. यावर आता वाद नाही.

याची सुरुवात शर्यतींत झाली. १९८९ च्या मोसमात फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने, म्हणजे बोटांनी ओढायच्या छोट्या पट्टीने, गिअर बदलायची सोय केली. चाचण्यांमध्ये तो गिअरबॉक्स सारखा बंद पडायचा. मोसमातली पहिली शर्यत ब्राझीलमध्ये होती, ती नायजेल मॅन्सेलने त्याच गाडीतून जिंकली. पुढच्या काही वर्षांत शर्यतीतल्या बाकीच्या संघांनीही क्लच पेडल आणि लिव्हर अडगळीत टाकलं.

रस्त्यावरच्या गाडीचं उदाहरण पोर्शचं घ्या, कारण तिथे एकाच गाडीत दोन्ही पर्याय मिळाले. २०१७ ची ९११ जीटी थ्री ड्युअल क्लचसह ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.४ सेकंदांत गाठायची, सहा गिअरच्या मॅन्युअलला ३.९ लागायचे. अर्धा सेकंद. शर्यतीच्या हिशेबात हे फार मोठं अंतर आहे. माणूस कितीही सराईत असला तरी क्लच दाबणं, लिव्हर ओढणं, क्लच सोडणं यात वेळ जातोच, आणि तेवढ्या वेळात गाडी नुसती घरंगळत असते. शिवाय जागेवरून सुटताना चाकं न घसरवता किती ताकद सोडायची, हे संगणक दर वेळी सारखंच जमवतो. माणसाचं दर वेळी वेगळं होतं.

मॅन्युअलला आणखी एक मर्यादा असते, ती सहसा कुणी सांगत नाही. सुधारित बीएमडब्ल्यू एम-टूची ताकद ४८० अश्वशक्ती झाली, पण टॉर्क ऑटोमॅटिकमध्ये ६०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलमध्ये ५५० च. इंजिन तेच. मॅन्युअलवाल्याला कमी पोहोचवलाय.

मग मॅन्युअल कुणी घ्यावी कशाला?

आता त्या पोर्शचीच पुढची गोष्ट. २०१३ मध्ये जीटी थ्री फक्त ड्युअल क्लचमध्ये आली होती. वेगाच्या दृष्टीने निर्णय बिनतोड. तरी मालक मंडळी कुरकुरली. २०१६ मध्ये पोर्शने ९११ आर नावाची फक्त मॅन्युअलमधली गाडी काढली, जगभरात मिळून ९९१. त्यांच्यावर उड्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी जीटी थ्रीमध्ये मॅन्युअल परत आली. अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असून लोकांनी ती मागून घेतली. टोयोटाच्या सुप्राचंही तेच झालं. २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक, २०२२ मध्ये मॅन्युअल.

का, ते ताम्हिणीतल्या एका वळणावर कळतं. माणगावकडून विळ्यावरून वर चढताय, पुढे डावीकडचं आवळ वळण दिसलं. गाडी तिसऱ्यात आहे, इंजिन २,६०० फेऱ्यांवर. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर येतो. डावा पाय क्लच दाबतो, हात लिव्हर दुसऱ्यात ओढतो. दुसऱ्यात याच वेगाला इंजिनला ४,००० च्या आसपास फिरावं लागणार, आणि ते तर खाली चाललंय. म्हणून चवडा ब्रेकवर तसाच ठेवून पायाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारायची. इंजिन खाकरतं, काटा वर उडी घेतो, क्लच सुटतो. जमलं तर गाडीला कळतही नाही की गिअर बदलला. नाही जमलं तर गाडी गचका खाते आणि मागे बसलेल्या भाच्याला सकाळचे पोहे आठवतात.

हे सगळं एका श्वासात व्हावं लागतं. ते जमल्यावर जो आनंद होतो त्याचा आणि घड्याळाचा काही संबंध नाही. मॅन्युअलमध्ये तुम्ही हौसेचे पैसे देता. हौस म्हटली की हिशेब वेगळा, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त ही हौस भागायला मोकळा रस्ता लागतो. रविवारी दुपारी पावसाळ्यात ताम्हिणीत गेलात तर दुसऱ्या गिअरच्या वर जायची संधीच मिळणार नाही, भुट्ट्याच्या गाड्यांमधून वाट काढायची. आणि घाट हा रेसट्रॅक नव्हे, पुढच्या वळणावर एसटी असते.

"पण पॅडल शिफ्टर आहेत की!"

विक्रेत्याचं हे आवडतं वाक्य. ड्युअल क्लचच्या गाडीत स्टिअरिंगमागची पॅडल खरंच उपयोगी आहेत. वळणाआधी डावीकडचं पॅडल ओढलं की गाडी वर सांगितलेली टिचकी स्वतःच मारते आणि तुमच्यापेक्षा नीट मारते. पण अंतिम निर्णय संगणकाचा असतो. इंजिनचे फेरे फार वाढतील असं त्याला वाटलं तर तो खालचा गिअर देत नाही. फेरे टोकाला गेले की बहुतेक गाड्यांत न विचारता वरचा टाकतो. इंजिनच्या तब्येतीसाठी हे बरंच आहे. ज्याला चुकायचंही स्वातंत्र्य हवंय त्याचं मात्र पॅडलने समाधान होत नाही.

पॅडल बघून मात्र कुठली ऑटोमॅटिक आहे हे ओळखता येत नाही. सीव्हीटीलाही पॅडल असतात. तिथे ती ओढल्यावर जे गिअर लागतात ते खरे नसतात, पट्ट्याची जागा ठरवून दिलेली असते इतकंच.

ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक बिनधोक ना?

तुमच्या पायासाठी, हो. गिअरबॉक्ससाठी कुठली ऑटोमॅटिक यावर अवलंबून.

चांदणी चौकात किंवा घोडबंदर रोडला गाडी रांगते तेव्हा ड्युअल क्लचची गाडी आतल्या आत हाफ क्लचच करत असते. आपल्या बजेटमधल्या गाड्यांत, म्हणजे व्हर्टस जीटी आणि आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये, हे क्लच कोरडे असतात. कोरडे म्हणजे तेलात न बुडवलेले. ते हलके, स्वस्त आणि इंधन वाचवणारे, पण उष्णता वाहून न्यायला तेल नाही. व्हर्टसमधल्या सात गिअरच्या डीएसजीची झेपच २५० न्यूटन मीटरची आहे, आणि इंजिन नेमकं तेवढंच देतं. गोल्फ जीटीआयचं इंजिन ३७० देतं, म्हणून तिथे तेलात बुडालेले, ओले क्लच आहेत.

याच कोरड्या क्लचच्या डीएसजीमुळे २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर बरीच सुधारणा झाली, तरी ही जात उन्हाळ्यातल्या कोंडीत काळजीने वागवावी लागते. काळजी फार अवघड नाही. पुढच्या गाडीला थोडं सुटू द्या आणि मग एकदम पुढे जा, इंच-इंच सरकू नका. फ्लायओव्हरच्या चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. ब्रेक पूर्ण दाबलेला असला की क्लच सुटा असतो आणि थंड होतो.

वॉरंटी संपल्यावरचा हिशेबही वेगळा. मॅन्युअलची क्लच प्लेट गेली तर सांगलीतला किंवा सावंतवाडीतला कुठलाही बरा मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून बदलतो. ड्युअल क्लचला खास हत्यारं लागतात, संगणक लागतो, आणि नियंत्रण करणारा मेंदू बिघडला तर बिल लाखात जाऊ शकतं. नवीन घेतानाही ऑटोमॅटिकला साधारण एक ते दीड लाख जास्त मोजावे लागतात. वाढीव वॉरंटी सहसा मी कुणाला सुचवत नाही. ड्युअल क्लच घेणाऱ्याला मात्र आवर्जून सुचवतो.

ॲव्हरेज आणि उतार

ऑटोमॅटिक पेट्रोल पिते, हे टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या पिढीबद्दल खरं होतं. ड्युअल क्लचचे कंपनीचे आकडे मॅन्युअलच्या बरोबरीचे, कधी किंचित सरस असतात. स्पोर्टी गाडीत ॲव्हरेज तुमचा उजवा पाय ठरवतो, गिअरबॉक्स नाही.

घाट उतरताना ऑटोमॅटिक सुसाट सुटते, ही भीती अजून आहे. 'डी'मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये, ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतील, हे बरोबर. पण मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा किंवा तिसरा लावला की इंजिन गाडीला तसंच मागे ओढतं जसं क्लचवाल्या गाडीत ओढतं. बहुतेकांना लिव्हरचा तो कप्पा कशासाठी आहे हेच कुणी दाखवलेलं नसतं.

कंपन्या मॅन्युअल का काढून टाकतायत

गोल्फ जीटीआय १९७६ पासून मॅन्युअलमध्ये मिळत होती, २०२४ च्या फेसलिफ्टनंतर नाही. कारणं भावनिक नाहीत. प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीची प्रदूषण चाचणी वेगळी करावी लागते, त्याला खर्च येतो आणि मॅन्युअल घेणारे घटत चाललेत. ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलणार हे कंपनीने ठरवलेलं असतं, त्यामुळे चाचणीतला धूर आटोक्यात ठेवणं सोपं जातं. पुढच्या गाडीमागे आपोआप थांबणारं आणि परत सुटणारं क्रूझ कंट्रोलही क्लच पेडलसोबत धड चालत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाडीला तर सहसा एकच गिअर पुरतो. तरी ह्युंदाईने आयोनिक फाइव्ह एनमध्ये आठ गिअरचं सोंग आणलंय. पॅडल ओढलं की खोटा आवाज आणि खोटा झटका! हसू येतं, पण लोकांना नेमकं काय हुकल्यासारखं वाटतं हे त्या कंपनीला कळलंय.

परदेशात गेलेल्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. आपल्या कारच्या लायसन्समध्ये मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नाही. ब्रिटनमध्ये आहे. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही.

माझं मत विचाराल तर

घरात एकच गाडी असेल आणि ती रोज पुण्या-मुंबईच्या कोंडीत जाणार असेल, तर ऑटोमॅटिक घ्या, मित्र काहीही म्हणोत. रोज दीड तास क्लच दाबून आलेल्या माणसाला शनिवारी पहाटे उठून घाटात जायची इच्छाच उरत नाही, आणि मग ती हौसेची मॅन्युअल नुसती पार्किंगमध्ये उभी राहते. गाडी दुसरी असेल, किंवा तुम्ही कोल्हापूर, चिपळूण, फोंडा अशा ठिकाणी राहत असाल जिथून दहा मिनिटांत मोकळा रस्ता लागतो, तर मॅन्युअल जरूर घ्या. तीही लवकर, कारण दर वर्षी एखादा व्हेरिएंट यादीतून गळतोय.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता ठरलेल्या गुळगुळीत रस्त्याने नेतो. तुम्ही दुसरा रस्ता मागा. मॅन्युअल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसला येऊन रेस दाबा आणि टर्बो जागा व्हायला किती वेळ घेतो ते बघा. क्लच दहा-बारा वेळा लागोपाठ दाबून पोटरीला विचारा. ड्युअल क्लच असेल तर संध्याकाळी सहानंतरची वेळ घ्या, गर्दीतल्या चढावर थांबा, परत निघा, आणि रिव्हर्समध्ये सोसायटीचा रॅम्प चढवून बघा. गचके, थरथर, जळका वास, जे काही असेल ते तिथेच कळतं.